दोनदा उमटणारा काना: दुरुस्तीची नोंद

गेले तीन आठवडे माझ्या यांत्रिक कळफलकावरची इंग्रजी ‘ई’ची (E) कळ एकदा दाबूनही अधूनमधून दोनदा उमटत होती. इंग्रजी मजकुरात हे एका जादा अक्षरावर निभावते. परंतु देवनागरी टंकनाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत काना याच कळीवर असल्यामुळे ‘काम’ लिहायला जावे, तर ‘का’च्या पुढे ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला आणखी एक काना हजर होत असे.

पहिला संशय पावसाळी दमट हवेवर गेला. हवेचा फवारा मारून पाहिला, फरक पडला नाही. नंतर फर्मवेअरकडे, म्हणजे कळफलकाच्या आतल्या आज्ञावलीकडे वळलो. स्विचमधले धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात, आणि ती थरथर वेगवेगळे ठोके म्हणून मोजली जाऊ नये, यासाठी क्यूएमके या माझ्या कळफलकातल्या फर्मवेअरमध्ये मुळात 5 मिलिसेकंदांचा अवधी ठेवलेला असतो. तो 20 पर्यंत वाढवल्यावर जादा काने कमी झाले, थांबले मात्र नाहीत. हा उपाय मला तसाही पटत नाही, कारण त्याने दोष फक्त झाकला जातो.

माझ्या कळफलकातले स्विच सोल्डरचे डाग न काढता उपटता येतात. म्हणून केबल काढून ‘ई’चा स्विच स्क्रोल लॉकच्या जागी आणि तिथला ‘ई’च्या जागी बसवला. दोष स्विचबरोबर स्क्रोल लॉकवर गेला, म्हणजे सॉकेट आणि त्याचे डाग निर्दोष ठरले. तो जागेवरच राहिला असता, तर सर्किट बोर्ड उलटा करून पाहावा लागला असता.

चार खाचा सैल करून स्विचचे झाकण उघडले, तेव्हा संपर्काच्या पातळ पत्तीवर वंगणाचा चकचकीत थर दिसला. हा माझाच प्रताप! दिवाळीच्या सुट्टीत आवाज मऊ व्हावा म्हणून दांड्याला वंगण लावताना मी पत्तीला टेकणारे त्याचे दोन पायही माखले होते. बारीक ब्रशने 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पत्ती पुसली, पायांवरचे वंगण काढले आणि स्विच रात्रभर वाळू दिला. फर्मवेअरमधला अवधी पुन्हा 5 वर आणला असून, दोन दिवसांच्या लेखनात जादा काना एकदाही आलेला नाही.

स्पेसबारचे दुखणे वेगळे आहे: डावे टोक दाबल्यावर ते सावकाश वर येते. लांब कळ दोन्ही टोकांना सारखी खाली-वर व्हावी म्हणून बसवलेल्या स्टॅबिलायझरची तार काचेवर ठेवली असता तिचा एक पाय किंचित उचललेला दिसला. पक्कडीने तो वाकवून पाहिला, पण आता उजवे टोक रेंगाळते आहे. तार पुन्हा काढावी लागेल.