फाल्गुनातली पायी वारी : पैठणचा नाथवाडा, घाट आणि उद्यान

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला भरणारी नाथषष्ठीची यात्रा ही वारकरी संप्रदायाच्या वर्षभरातील मोठ्या मेळ्यांपैकी एक आहे. आषाढीची वारी पावसाच्या भरवशावर निघते. षष्ठीची वारी मात्र विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते आणि मराठवाड्याचे ऊन अंगाला लागू लागते अशा दिवसांत निघते. हा फरक चालणाऱ्याच्या घशाला पहिल्याच दुपारी कळतो. माझ्या मते पैठण समजून घ्यायला हाच ऋतू योग्य आहे, कारण एकनाथ महाराजांच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांपैकी कितीतरी कथांत ऊन आहे, तहान आहे आणि कुणीतरी कुणासाठी वाहून आणलेले पाणी आहे.

आमची दिंडी छत्रपती संभाजीनगरहून चतुर्थीच्या पहाटे निघाली. पुढे भगव्या पताका, त्यांच्यामागे टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि पखवाज, मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, अशी ती साधी आणि लहान दिंडी होती. पैठणचा रस्ता पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावे ओलांडत दक्षिणेला गोदावरीकडे उतरतो. बालवयातील एकनाथ गुरूच्या शोधात पैठणहून देवगिरीला गेले आणि तिथे किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या जनार्दन स्वामींपाशी राहिले, हे आपण जाणतो. आम्ही चाललो होतो ती दिशा तीच, फक्त उलटी. दिंडीतील ज्येष्ठ महाराजांनी ही गोष्ट पहिल्या विसाव्याला सांगितली आणि मग दिवसभर ती माझ्या मनातून गेली नाही.

या रस्त्याची आणखी एक ओळख आम्हा शहरवासीयांना सहसा लक्षात राहत नाही. संभाजीनगरला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या याच वाटेने येतात. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, उपसलेले पाणी फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होते, नक्षत्रवाडीला येते आणि तिथून ते आमच्या घरांतल्या नळांना पोचते. पायी चालताना या जलवाहिन्या कितीतरी वेळ बाजूने सोबत करतात. आपण रोज ज्या गोदावरीचे पाणी पितो, तिच्याकडे तिच्याच पाण्याच्या उलट दिशेने चालत जाणे, याला माझ्यासाठी तीर्थयात्रेपेक्षा वेगळा अर्थ उरला नाही. बसने किंवा मोटारीने गेलो असतो तर त्या रस्त्याकडेच्या दुसऱ्या कुठल्याही सामानासारख्या डोळ्यांआड गेल्या असत्या.

चितेगावापर्यंतचा पट्टा कारखान्यांचा आणि वाहनांच्या गर्दीचा आहे. त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बिडकीनच्या पुढे मात्र शिवार मोकळे होत जाते. गहू काढणीला आला होता, काही ठिकाणी मळणी चालू होती, ज्वारीचा कडबा रचून ठेवला होता. बांधांवरचे आंबे मोहोरातून बाहेर येऊन बारीक कैऱ्या धरू लागले होते आणि कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. पैठण तालुका मोसंबीचा आहे. मोसंबीच्या आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची, फळे या दिवसांत अगदी लहान असतात आणि नेमके तेव्हाच बागेला पाणी कमी पडून चालत नाही, नाहीतर फळगळ होते. एका बागेच्या कडेला आम्ही सावलीला बसलो, तेव्हा बागेच्या मालकाने विहिरीवरची मोटार आमच्यासाठी सुरू केली. त्याच्या बागेलाही ते पाणी हवे होते. तरी दिंडीतला प्रत्येक माणूस पाणी पिऊन, तोंड धुऊन होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि निघताना वीणेकऱ्यांच्या पाया पडला.

दुपारी मी उन्हातच पुढे निघण्याची घाई करत होतो, तेव्हा तुळस घेतलेल्या एका आजींनी मला थांबवले. ‘लेकरा, नाथ काय पळून चाललेत का? बस जरा सावलीला, पाणी पी,’ असे म्हणून त्यांनी स्वतःच्या तांब्यातले पाणी माझ्या ओंजळीत ओतले. त्या कित्येक वर्षांपासून षष्ठीची वारी करत आहेत. पंढरीला जमले नाही तर चालते, पण षष्ठी चुकवायची नाही, असा त्यांच्या सासरच्या घराचा नेम आहे.

मुक्कामाला हरिपाठ झाला, कीर्तन झाले आणि गावकऱ्यांनी पिठले-भाकरीची पंगत वाढली. दुसरा दिवस रंगपंचमीचा होता. गावोगावची मुले रंग घेऊन रस्त्यावर आलेली होती, पण दिंडी दिसली की ती हात मागे घेत आणि काही जण केवळ बुक्का लावून घेण्यासाठी जवळ येत. ढोरकीन मागे पडल्यावर पायांचे दुखणे बोलू लागले होते, तरी टाळांचा ठेका उलट वाढला, कारण आता इतर वाटांनी येणाऱ्या दिंड्या दिसू लागल्या होत्या. संध्याकाळी आम्ही पैठणात पोचलो, तेव्हा गोदावरीचे वाळवंट आणि आजूबाजूची मोकळी मैदाने राहुट्यांनी आणि फडांनी भरून गेली होती.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असलेली बाजारपेठ म्हणून या नगराचा उल्लेख आहे. परंतु षष्ठीला येणारा वारकरी राजधानी पाहायला येत नाही, तो एका गृहस्थाच्या घरी येतो. हे मला पैठणचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. आपल्या बहुतेक संतांच्या समाध्यांपाशी आपण जातो. इथे समाधी आहेच, पण त्याआधी संतांचे राहते घर आहे, ज्यात स्वयंपाक होत असे, पाहुणे जेवत असत, मुले वाढत होती आणि त्याच छपराखाली ग्रंथरचना चालू होती.

षष्ठीच्या पहाटे, गर्दी पुरती लोटण्यापूर्वी, आम्ही नाथवाड्यात गेलो. जुन्या पैठणच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांतून वाट जाते. दोन्ही बाजूंना जुन्या वाड्यांच्या भिंती आणि मधूनच एखादे नवे सिमेंटचे घर. नाथांचे घर आता मंदिर झाले आहे, तरी त्याची घडण वाड्याचीच आहे, आणि लाकडी खांबांच्या मधून पुढे सरकताना आपण कुणाच्या तरी ओसरीवरून माजघराकडे चाललो आहोत असे वाटत राहते. गाभाऱ्यात विजयी पांडुरंगाची मूर्ती आहे. नाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणली अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्या घराण्यात पांडुरंग घरचा माणूस म्हणून राहिला, यात नवल नाही.

आणि तिथेच तो रांजण आहे. प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपाने नाथांच्या घरी राहून बारा वर्षे कावडीने पाणी भरले, ही कथा मराठी मुलखात कुणाला सांगावी लागत नाही. तुकाराम बीजेला या रांजणाची पूजा होते आणि तो भरण्यास सुरुवात होते. भाविक गोदावरीचे पाणी आणून त्यात ओततात, तरी तो लवकर भरत नाही. ज्या क्षणी तो भरून वाहू लागतो, त्या वेळी पाणी घालणाऱ्यांत श्रीखंड्या स्वतः येऊन गेला असे मानतात. मी तिथे थोडा वेळ बाजूला उभा राहून पाहिले. परकर-पोलक्यातली मुलगी, पागोटे बांधलेला शेतकरी, शहरातून आलेली शिक्षिका वाटावी अशी बाई, सगळे आपापल्या भांड्यातले पाणी सारख्याच जपणुकीने आणत होते. घरात पाणी भरणे हे काम आपल्याकडे शतकानुशतके बायकांच्या आणि गड्यांच्या वाट्याला आले आणि त्याला कधी कुणी मोठे मानले नाही. ते काम देवाने केले, असे सांगणारी ही परंपरा आहे, आणि रांजणापुढे उभे राहिले की तिचे मोल पोथीत वाचताना कळले होते त्याहून अधिक कळते.

याच नगरात नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि १५८४ साली ती पूर्ण केली. पाठभेदांनी आणि प्रक्षेपांनी बिघडलेला ग्रंथ जुन्या प्रती ताडून शुद्ध करणे, हे मराठीतील संपादनाचे पहिले मोठे काम. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका त्यांनी पैठणला आरंभली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. भारुडे तर याच गल्ल्यांतून ऐकू येणाऱ्या बोलीतून उभी राहिली असावीत असे मला तिथे फिरताना सतत वाटत होते, कारण यात्रेत आजूबाजूला जोशी, वासुदेव, गोंधळी यांचे आवाज अजून ऐकू येतात.

षष्ठीला नाथवाड्यातून निर्याण दिंडी निघते आणि गोदातीरावरील समाधी मंदिराकडे जाते. १५९९ साली याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दन स्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचे निर्याण आणि स्वतः नाथांचे निर्याण हे पाचही प्रसंग फाल्गुन वद्य षष्ठीचेच मानले जातात, म्हणून या दिवसाला पंचपर्वश्रेणी म्हणतात. दिंडीच्या मागे चालताना दुपारचे ऊन होते आणि वाळवंट तापलेले होते. तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरातले पोर नाथांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन दिले, ती जागा हीच. पायांतली वहाण क्षणभर काढून मी वाळूवर उभा राहिलो, पण फार वेळ उभे राहवले नाही. नदीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ न चिडता एकशे आठ वेळा गोदावरीत उतरले, तीही कथा याच पायऱ्यांची. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. पाण्याशी जोडलेल्या या साऱ्या गोष्टी गोदावरीच्या काठच्या माणसाने जगून दाखवल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

नागघाट समाधी मंदिरापासून दूर नाही. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले ते इथेच, आणि रेड्याची मूर्ती घाटावर आहे. तिथून जुन्या वस्तीच्या टेकाडाकडे गेले की कोरीव दगडी तीर्थखांब लागतो. षष्ठीच्या गर्दीतले फार थोडे लोक इकडे येतात. आम्ही गेलो तेव्हा खांबापाशी शेळ्या राखणारा एक मुलगाच होता. खांबावरचे नक्षीचे पट्टे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, म्हणून तो सकाळी लवकर किंवा दिवस कलताना पाहावा. या टेकाडाच्या पोटात प्रतिष्ठानचे थर आहेत. अशा जागेभोवती जपणूक आणि माहितीचा साधा फलक यांची किती गरज आहे, हे तिथे गेल्यावर पटते.

सप्तमीला सकाळी आम्ही काही जण संत ज्ञानेश्वर उद्यानात गेलो. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर, जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी ते उभारले आहे आणि त्याचा विस्तार शंभराहून अधिक हेक्टर आहे. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि सत्तावीस दरवाजे असे त्याचे रूप आहे. उद्यानाची गेली अनेक वर्षे आबाळ झाली आहे, हे पैठणकर स्वतःच खंतावून सांगतात. पाहायला मिळाला त्या भागात काही कारंज्यांची टाकी कोरडी होती, हिरवळीच्या जागी पिवळे गवत होते. पण मोठी झालेली झाडे मात्र कुणाची वाट न पाहता वसंताला सामोरी गेली होती. करंजाची पोपटी पालवी, बोगनवेलीचे जांभळे ताटवे, कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास आणि फांद्यांत पक्ष्यांची सारखी चाललेली लगबग. उन्हातून चालत आलेल्या आमच्या बायांनी त्या सावलीत बसून पाय सोडले आणि कुणी न सांगता गौळण म्हणायला सुरुवात केली.

माझे स्पष्ट मत आहे की हे उद्यान केवळ पर्यटनाची जागा म्हणून पाहिले जाऊ नये. षष्ठीला येणारे लाखो लोक उन्हात राहतात; धरणाच्या पायथ्याशी, एवढे पाणी हाताशी असताना, त्यांना सावली आणि प्यायला थंड पाणी मिळणे हा नाथांच्या गावाचा धर्म आहे. वड, पिंपळ, आंबा, बकुळ अशी झाडे लावून आणि जुनी झाडे जगवून उद्यानाचा काही भाग वारकऱ्यांच्या विसाव्यासाठी राखला, तर कारंजी नसली तरी चालतील. पाण्याचा प्रश्न इथे नाजूक आहे, याची जाणीव मला आहे. नाथसागरासाठी अनेक गावे उठली, माणसे विस्थापित झाली, आणि आजही हे पाणी शहराला, कारखान्यांना आणि शेतीला किती द्यायचे यावर दरवर्षी ताण असतो. धरणाखालची गोदावरी उन्हाळ्याच्या तोंडी क्षीण असते. वारकऱ्यांच्या स्नानासाठी यात्रेच्या वेळी धरणातून पाणी सोडावे अशी मागणी होते ती त्यामुळेच, आणि ती रास्त आहे.

अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी समाधी मंदिरात काल्याची दहीहंडी फुटली. प्रसादासाठी हात वर गेले, ‘भानुदास एकनाथ’ हा घोष चहूकडून उठला, आणि आमच्या दिंडीतल्या आजींनी पदरात मिळालेला काला सगळ्यांना थोडाथोडा वाटला. रात्रीच राहुट्या सुटू लागल्या. ज्यांची सुगी खोळंबली होती ते आधी निघाले. आमच्यातले बरेच जण बसने परतले, आणि पाच-सात जणांनी परतीची वाटही पायीच धरली. मी त्यांच्याबरोबर ढोरकीनपर्यंत चाललो आणि तिथल्या थांब्यावरून शहराची बस घेतली.