जोड सुटतो कुठे?

घरी फोन केला की काकांचा एकच प्रश्न असतो, "लाकूड चिकटवूक एवढ्या लांब कित्याक गेलंस?" आमचं घर सुताराचं, सावंतवाडीजवळचं. त्यांना नीट समजावं म्हणून हे लिहितोय.

मी उत्तर पोलंडमध्ये, ऑल्श्टिन शहराजवळच्या कारखान्यात प्रेस, म्हणजे गोंद लावलेलं लाकूड दाबून धरणारं मशीन, चालवतो. भोवती तळी आणि पाइनचं रान. पाइन, ओकच्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि रुंद फळा बनवायचा. पोलिश लोक त्याला 'क्लेयोंका' म्हणतात. 'क्लेय' म्हणजे गोंद. टेबलं, जिन्याच्या पायऱ्या यातूनच होतात.

पट्ट्या भट्टीत वाळवून ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणलेला असतो. रोलर कडांना पांढरा गोंद लावतो. मग पट्ट्या जुळवायच्या. शेजारच्या पट्टीची वलयं (झाडाच्या वाढीच्या गोल रेघा) उलट दिशेला ठेवायची, म्हणजे फळा एका अंगाला वाकत नाही. हे सगळं काही मिनिटांत, गोंदावर साय धरायच्या आत. दाब बसला की सांध्यावर बारीक थेंबांची सरळ रांग उमटते. थेंब नसले तर गोंद कमी पडला, ओघळ आले तर जास्त झाला. रांग नीट दिसली की मला फार बरं वाटतं. (इथे येणाऱ्यांनी मास्क मात्र काढू नये. ओकची धूळ कॅन्सरला कारण ठरते.)

पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून अख्खी खेप वाया गेली. बाहेर उणे १० अंश, पट्ट्या शेडमधून थेट मशीनवर आलेल्या. ओलावा मी मोजला, पण लाकडाला हात लावून पाहिला नाही. गार लाकडावर हा गोंद एकजीव होत नाही, खडूसारखा भुसभुशीत वाळतो. दुसऱ्या दिवशी नमुना तोडला. चांगला जोड तोडला तर लाकूड फाटतं, गोंदाची रेघ शाबूत राहते. इथे सांधाच कोरा सुटला, लाकडाचा एक तंतूही त्याला नव्हता. पाळीचा प्रमुख ओरडला नाही. माझा तळहात धरून त्याने पट्टीवर टेकवला आणि म्हणाला, "झिमने." गार.

आजोबा सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, उकळायला ठेवायचे, तेव्हा पावसाळ्यात फळ्या आधी चुलीजवळ शेकत ठेवायचे. मी त्या फळ्यांवर बसून खेळायचो. का शेकता, हे कधी विचारलं नाही.

आता पाळी सुरू झाली की आधी पट्ट्यांवरून हात फिरवतो, मग ओलावा मोजतो. काका, सरसाचं ते भांडं अजून माळ्यावर असेल तर टाकू नका.