आधी आरपीएम बघ!

चिंचोळी एमआयडीसीत नवा पोरगा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, रिअ‍ॅक्शन हळू चाललीय, टेम्परेचर वाढवू का?" अरे बाबा, थांब जरा. आधी आरपीएम बघ, म्हणजे ढवळणारा पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय ते.

हायड्रोजनेशनचं (हायड्रोजन वायूशी घडवायच्या रिअ‍ॅक्शनचं) घोडं बहुतेक वेळा अडतं ते वायू द्रवात उतरण्यापाशी. हायड्रोजन मुळातच फार कमी विरघळतो. म्हणून दाब वाढवायचा, बुडबुडे बारीक करायचे. आमच्या ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या बंद भांड्याचा, शाफ्ट पोकळ आहे. पंखा वेगात फिरला की वर साठलेला गॅस त्यातून खाली ओढला जातो आणि पुन्हा द्रवात फुटतो. आरपीएम वाढवल्यावर हायड्रोजनचा खप वाढला, तर अडचण मिसळण्यातच होती. नाही वाढला, तर रॅने निकेलकडे, म्हणजे रिअ‍ॅक्शनला वेग देणाऱ्या उत्प्रेरकाकडे वळा. (ते ओलंच ठेवा, वाळलं की हवेत पेट घेतं.)

दुसरी भानगड उष्णतेची. नायट्रोबेन्झीनचं अ‍ॅनिलीन होताना मोलमागे साधारण ५५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४० च्या वर, पण कोरड्या हवेत कूलिंग टॉवर (थोडं पाणी वाफवून बाकीचं गार करणारा) तरी बरा चालतो. खरा रडतो तो जूनमध्ये, हवा दमट झाल्यावर. एसीत बसून भांडं गार ठेवणाऱ्या कॉइलचं क्षेत्रफळ ठरवणाऱ्यांना हे कोण सांगणार? आम्ही मग हायड्रोजनच हात राखून सोडतो, म्हणजे उष्णताही बेतानंच निघते.