कढीचं पातेलं आणि फुन्वारी

आमचे बाबा गाडी सगळ्यात छान कधी चालवतात? आईच्या मांडीवर कढीचं पातेलं असतं तेव्हा. इंदुरात सुदामा नगरहून रामबागेत मावशीकडे महालक्ष्म्यांचं जेवण असलं, की कढी आमच्याकडची. स्टीलचं मोठं पातेलं, वर ताटली, ती पंच्याने गच्च बांधलेली, आणि ते दोन्ही हातांनी धरून बसलेली आई. त्या दिवशी बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकतो. लांबवर लाल सिग्नल दिसला की पाय वर. खड्डा आला तर गाडी त्याला नमस्कार करून पुढे जाते. एरवी हाच माणूस पलासियाच्या चौकात दिवा हिरवा व्हायच्या आधीच क्लच अर्धा सोडून बसलेला असतो.

हे मला हमामात्सुत आठवलं, गाडी चालवायला नव्याने शिकताना.

चार वर्षं झाली मला इथे. सुझुकीचं मुख्यालय या गावात आहे, त्यामुळे इंदुरात ‘जपानमध्ये कुठे?’ या प्रश्नाला ‘सुझुकीच्या गावात’ एवढं उत्तर पुरतं. टोकियोत लोक गाडीवाचून जन्म काढतात, इथे तसं नाही, गाडीशिवाय पान हलत नाही. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आणि ‘लिटरला किती किलोमीटर’ हाच हिशेब. (भारतीय परवान्यावरून जपानी परवाना काढताना मी दोनदा नापास झाले. ती कथा वेगळी, आणि तिच्यात माझी बाजू भक्कम नाही.)

नोव्हेंबर हा जपानमध्ये इको ड्राइव्हचा, म्हणजे इंधन वाचवत गाडी चालवण्याचा महिना. ऑफिसात कागद फिरला, शनिवारी वर्ग आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं. जेवण मिळणार होतं म्हणून मी नाव दिलं. आम्ही बाराजण होतो. रोज कामावर जायला-यायला गाडी काढणारी साधी माणसं, कुणालाही शर्यत मारायची नव्हती. शिकवणारे गृहस्थ साठीचे, हातात पांढरे मोजे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमची गाडी लिटरला किती देते? बारांतल्या दोघांनाच सांगता आलं. मला हसू आलं. इंदुरात हा प्रश्न पानवाल्याला विचारा, दशांशासकट उत्तर मिळेल. त्यात दोन किलोमीटर पदरचे घातलेले असतात, ते सोडा.

मग कळलं की पोलीस आणि तीन मंत्रालयांनी मिळून इथे चालकांसाठी जे 10 सल्ले काढलेत, त्यांतला पहिला सल्लाच हा आहे: आपली गाडी किती पेट्रोल खाते ते आपल्याला माहीत असू द्या. म्हणजे आमच्या घरी तीस वर्षं चालू असलेली बाबांची डायरी! तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज, शेरा. ‘टाकी फुल ते टाकी फुल’ हे तिचं ब्रीद. शेऱ्यात ‘प्लग बदलले’ नाहीतर ‘पंपावर माप कमी वाटले’ असं काहीतरी. आम्ही भावंडं त्या डायरीची यथेच्छ टिंगल करत आलो.

वर्गाची पद्धत साधी होती. आधी ठरलेल्या रस्त्यावर एक फेरी मारायची, रोज चालवता तशी. मग तासभर बोलणं. मग त्याच रस्त्यावर दुसरी फेरी. माझी पहिली फेरी लिटरला 13.1 आली. मोजेवाले गृहस्थ शेजारी बसून काही बोलले नाहीत, फक्त मी ब्रेक दाबला की एका कागदावर रेघ मारत होते. फेरी संपली तेव्हा कागदावर रेघांचं शेत झालं होतं. प्रत्येक रेघ म्हणजे पैसे देऊन घेतलेलं पेट्रोल जाळून कमावलेला वेग, आणि तो मी ब्रेकच्या चकत्या तापवण्यात घालवलेला. मी पेट्रोल वाया घालवत होते ते ॲक्सिलरेटरने, अशी माझी समजूत होती. घालवत होते डोळ्यांनी. पुढच्या गाडीच्या शेपटीपलीकडे मी बघतच नव्हते.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ‘फुन्वारी’. मऊ, फुललेल्या पावासारखं, असा काहीसा अर्थ. फुन्वारी ॲक्सिलरेटर म्हणजे उभी गाडी निघाली की पहिल्या 5 सेकंदांत 20 किलोमीटरच्या वेगापर्यंतच न्यायची. पेट्रोल सगळ्यात जास्त खातं ते हे उठणं. एवढं एक पाळलं तरी साधारण 10 टक्के फरक पडतो, असं त्या सल्ल्यांत लिहिलंय. ते गृहस्थ मोजायचे, ‘इची, नी, सान, शी, गो.’ दुसऱ्या फेरीत मला 15.6 मिळाले आणि वेळ जास्त लागला तो अर्धं मिनिट.

डिसेंबरात इंदूरला आले आणि पहिल्याच दिवशी जेवताना हे सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, ‘अगं, तुला गाडी कोणी शिकवली? मीच ना? मी तुझ्या जन्माआधीपासून पेट्रोल वाचवतोय.’ आणि खरंच वाचवत होते, त्यांच्या पद्धतीने. धुळ्याला आत्याकडे जाताना मानपूरच्या पुढे गणपती घाट लागायचा. तो उतार आला की बाबा गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. काही वेळा किल्लीसुद्धा बंद. गाडी खाली घरंगळतेय, इंजिन गप्प, आणि बाबांच्या चेहऱ्यावर सरकारचा कर बुडवल्याचं समाधान.

यावर आमचं चांगलंच वाजलं. गणपती घाट ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी किती बदनाम आहे, हे इंदूरकरांना मी काय सांगायचं? किल्ली बंद केली की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. ते बाजूला ठेवलं तरी पेट्रोलही वाचत नाही! आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि आतला कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. थेंबही जात नाही. वेग बराच उतरला की मग पुन्हा सुरू. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला जिवंत राहायला पेट्रोल प्यावंच लागतं.

बाबा पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘आणि कार्बोरेटरला?’

इथे मी अडकले. कारण जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरला तो मेंदू नव्हता, पाय काढला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. बाबांनी 1994 साली घेतलेली मारुती 800 कार्बोरेटरवालीच होती. त्या गाडीपुरता त्यांचा हिशेब अगदी चूक नव्हता, धोका तेवढा होता. 2000च्या आसपास 800ला इंजेक्शन आलं, बाबांनी पुढे दोन गाड्या बदलल्या, पण पाय तोच राहिला. आपल्याकडे ‘न्यूट्रलमध्ये सोड, ॲव्हरेज वाढतं’ हे अजून ऐकू येतं, ते या जुन्या गाड्यांचं भूत आहे.

रविवारी सकाळी मी सुपर कॉरिडॉरवर माझा वर्ग भरवला. विद्यार्थी चार: बाबा, शेजारचे काका, मामेभाऊ आणि वहिनी. गाडी बाबांची. निघण्याआधी डिकी उघडली. दोन विटा (चढावर चाकाला लावायला), पाण्याचे दोन कॅन, चार घडीच्या खुर्च्या, सतरंजी, एक गंजलेला जॅक आणि एक चांगला जॅक, आणि मावशीच्या घराच्या उरलेल्या फरशांचं खोकं, जे दोन वर्षांपासून ‘परत द्यायचं’ होतं. जपानी सल्ल्यांचा हिशेब असा की 100 किलो ओझं म्हणजे 3 टक्के पेट्रोल जास्त. आमचं शंभर भरलं नसेल, पण फरशा उतरवताना काकांची कंबर धरली. टायरमध्ये हवा 25 निघाली, हवी होती 32. बाबा म्हणाले, ‘परवाच तर भरली.’ परवा म्हणजे दिवाळीआधी.

मामेभावाची पहिली फेरी 11.8. दुसरीत 15.1. ‘भिया, हे तर बैलगाडी चालवल्यासारखं वाटतं,’ म्हणाला, पण आकडा तीनदा वाकून बघितला. काका 14.2 वरून 16. वहिनी 16.4 आणि 16.6, म्हणजे तिला शिकवायला काही उरलंच नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मागच्या सीटवर पिल्लू झोपलेलं असतं. एक जोरात ब्रेक मारला आणि ते उठलं, की सगळं मुसळ केरात.’

आणि बाबा? 15 वरून 14.7. दुसऱ्या फेरीत घसरलेले एकटेच! मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजत निघाले, मागून एका मिनीबसने हॉर्न लावला, बाबा चिडले, पाचच्या आत पन्नास गाठले. वर मलाच ऐकवलं, ‘आठ किलोमीटरच्या फेरीवर कुणी ॲव्हरेज काढतं का? टाकी फुल ते टाकी फुल.’ निवृत्त बँकवाल्याचं म्हणणं बरोबर होतं, वारा आणि ट्रॅफिक एवढ्यानेही तो आकडा हलतो. पोहे-जिलबी खाताना काकांनी पोह्यांवर घालायचा जीरावण मसाला मागून घेत विचारलं, राजवाड्याजवळ काय करायचं? तिथे 20चा वेग गाठायला 5 सेकंद नाही, 5 मिनिटं लागतात. याचं उत्तर 10 सल्ल्यांत नाही.

एक गोष्ट मी इंदुरात शिकवली नाही. सिग्नलला गाडी बंद करा असं आपल्याकडे सांगतात, पण जपानी सल्ल्यात चौकात हाताने किल्ली बंद करायला नको म्हटलंय, ब्रेक कमजोर होतो आणि एअरबॅग उघडत नाही म्हणून. गाडी स्वतः बंद-चालू होत असेल तर हरकत नाही. कुणाची वाट बघत उभे असाल तर मात्र जरूर बंद करा, 10 मिनिटांत 130 मिलिलिटर नुसतं उभ्या-उभ्या जातं. शाळेच्या फाटकाबाहेर एसी लावून बसणाऱ्या आमच्या मंडळींनी हे मनावर घ्यावं.

निघायच्या आदल्या दिवशी मावशीकडे जायचं होतं. आईने कढी केली, पातेलं बांधलं. मी मागे बसले आणि पूर्ण रस्ता बाबांच्या पायाकडे बघत राहिले. फुन्वारी! बाबांनी त्याचं एव्हाना ‘फुलवारी’ करून टाकलं होतं. मी म्हटलं, ‘बाबा, रोज असंच चालवायचं.’ आई म्हणाली, ‘म्हणजे मी रोज कढी करू?’

परवा डायरीच्या पानाचा फोटो आला. जानेवारीपासून पाच नोंदी. 14.9, 15.3, 15.2, 16.1, 16.4. शेवटच्या रांगेत शेरा: ‘पातेले नव्हते. मागच्याने हॉर्न वाजवला. वाजवू दे.’