समांतर विश्वांची वही : परतताना काय आणलं?

मंडळी, या महिन्यात वही बरीच पुढे सरकली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टीव्हीवरच्या विज्ञानकथांमधले समांतर विश्वाचे भाग मी पुन्हा बघतोय आणि प्रत्येक भागाला दोनच प्रश्न विचारतोय. दार ज्या नियमाने उघडलं, त्याच नियमाने मिटलं का? आणि परतणाऱ्याने तिकडून असं काय आणलं, जे तिकडे गेल्याशिवाय हाती लागलंच नसतं?

'डॉक्टर हू'मधली १९७० ची 'इन्फर्नो' ही सात भागांची कथा दोन्ही प्रश्नांना पुरून उरली. पृथ्वीच्या कवचात खोलवर खणण्याचा प्रकल्प चालू असतो आणि डॉक्टर, म्हणजे मालिकेचा काळप्रवासी नायक, त्याच्या टार्डिस या कालयानाच्या नुसत्या कन्सोलसकट (नियंत्रणफलकासकट) समांतर विश्वातल्या हुकूमशाहीतल्या ब्रिटनमध्ये जाऊन पडतो. तिथलं खोदकाम काही तास पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे काय होणार, ते तिकडे आधीच घडताना दिसतं. ते जग लाव्हात संपतं आणि लेखक डॉन हॉटन ते शेवटच्या क्षणी वाचवत नाहीत. तिथल्या माणसांना बरोबर नेता येणार नाही, हे डॉक्टर त्यांना स्पष्ट सांगतो. तरीही त्यांच्यातले काही जण त्याला परत पाठवायला वीज जोडून देतात. एवढ्या मोठ्या किमतीवर मिळालेलं ज्ञान घेऊन तो परततो, म्हणून तो शेवट पटतो.

खरी कमाल पुढेच आहे. तिकडे प्रकल्पाचे संचालक सर कीथ गोल्ड मोटार अपघातात गेलेले असतात. इकडेही त्यांना अपघात होतो, पण ते वाचतात. तेवढ्यावरून डॉक्टरच्या लक्षात येतं की दोन्ही जगं एकाच रुळावरून धावत नाहीत, म्हणजे आपल्याकडचा विनाश टाळता येईल. कथेच्या पोटातूनच आलेला असा दुवा मला फार कमी भागांत सापडला आहे.

'स्टार ट्रेक'चा १९६७ चा 'मिरर, मिरर' पहिल्या प्रश्नात पास. आयन वादळ आणि ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणारं यंत्र) यांमुळे दोन्हीकडच्या चौघांची अदलाबदल होते, आणि परतायचं तेही ट्रान्सपोर्टरनेच. शंका एकच. तिकडच्या ज्या साम्राज्यात वरिष्ठाचा खून करून बढती मिळते, तिथे तीच माणसं त्याच अंतराळजहाजावर, बहुतेक त्याच हुद्द्यांवर कशी? पण चेहरे तेच नसतील तर तुलनाच उरत नाही, म्हणून मी हे मान्य करतो. आपल्याकडचा कॅप्टन कर्क जाताना तिकडच्या दाढीवाल्या स्पॉकला साम्राज्य बदलायला सांगतो. १९९४ मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या मालिकेतल्या 'क्रॉसओव्हर'ने त्याचा परिणाम दाखवला: स्पॉकने खरोखर सुधारणा केल्या, साम्राज्य दुबळं झालं आणि क्लिंगॉन आणि कार्डेशियन या परग्रहवासीयांच्या आघाडीने माणसांना गुलाम केलं. सत्तावीस वर्षांनी जुन्या शेवटाला एवढं वजन येतं, हे मला फार आवडलं.

'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतल्या 'पॅरलल्स'वर (१९९३) अजून अडलोय. अंध जॉर्डीला दृष्टी देणाऱ्या व्हायझर या उपकरणाजवळ गेलं की जहाजावरचा अधिकारी वर्फ एका विश्वातून दुसऱ्यात सरकतो, हा नियम भक्कम आहे. शेवटी तो परततो तेव्हा अचानक दिलेली वाढदिवसाची पार्टी नसते, फक्त सहकारी ट्रॉय भेटते. म्हणजे सुरुवातीची पार्टी त्याच्या विश्वातली नव्हतीच. हा धागा उत्तम. पण पेच सुटल्यावर बाकीच्या असंख्य विश्वांचं काय झालं, यावर भाग फार घाईने पडदा टाकतो. बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंनी उद्ध्वस्त केलेल्या विश्वातला अधिकारी रायकर परत जायला नकार देतो, तो प्रसंग सगळ्या भागापेक्षा मोठा आहे आणि त्याला आणखी वेळ मिळायला हवा होता.

'स्टारगेट एसजी-१'चे दोन भाग बघून झाले. 'देअर बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड'मध्ये मालिकेतला संशोधक डॅनियल समांतर विश्वातून जखमी होऊन परततो आणि शत्रू कुठून येणार तो पत्ता घेऊन येतो. पुढचं कथानक त्यावरच उभं राहतं, म्हणून पूर्ण गुण. 'पॉइंट ऑफ व्ह्यू'मध्ये एकाच व्यक्तीच्या दोन प्रती एका विश्वात फार काळ टिकत नाहीत, असा नियम आहे. तो परतीची घाई निर्माण करायला छान, पण सोयीचाही वाटतो. तो भाग आणखी एकदा बघणार आहे.

पुढची नोंद 'फ्रिंज' या मालिकेची. त्यातल्या 'पीटर' या भागापासून (२०१०) सुरुवात करेन, कारण तिथे तिकडून आणलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आहे.