आरोपीच्या रकान्यात दादाचंच नाव : अपघाताच्या दाव्याचा माझा अनुभव

एफआयआरची प्रत हातात आली तर आरोपी म्हणून दादाचंच नाव. हयगयीने, भरधाव मोटारसायकल चालवून उभ्या ट्रॉलीला मागून धडकला आणि स्वतःच्या मरणाला कारणीभूत झाला. फिर्याद सरकारतर्फे, म्हणजे पोलिसानेच दिलेली. आम्ही तेव्हा सांगलीला सिव्हिलमध्ये पीएमसाठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, थांबलो होतो. आम्हाला कुणी काही विचारलंच नाही.

दादा कुपवाड एमआयडीसीत कंत्राटावर होता, वय ३८. दुसरी पाळी करून घरी येत होता. गळीत हंगाम चालू. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन डांबरावरच उभा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हर गायब. आपल्या भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पीएम रिपोर्ट, पंचनामे, पगाराची कागदं सगळं मिळालं. अडलं ते पोलीस ठाण्यात. तपासी अंमलदार कधी बंदोबस्ताला, कधी कोर्टात. भेटले की एकच उत्तर, "आरोपी मयत आहे, केस संपली. आता काय राहिलंय?" वहिनी समोर बसलेली असताना हे बोलायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही. जागेच्या पंचनाम्यात ट्रॉलीला दिवा होता की नाही याबद्दल एक ओळ नव्हती.

आम्हाला तारलं ते भाच्याने त्या रात्रीच मोबाईलवर काढलेल्या फोटोंनी. ट्रॉलीची मागची बाजू, डांबराची कड, दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर, सगळं त्यात होतं. हे फोटो ट्रॅक्टर हलवायच्या आतच काढावे लागतात. शेजारच्या ढाब्यावरचा माणूसही खरं सांगायला तयार झाला. हे सगळं जोडून पोलीस अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज केला आणि पोच घेतली. तोंडी विनवण्यांनी जे हललं नव्हतं ते त्या शिक्क्याच्या पोचेने हललं. अधीक्षकांकडूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. ढाब्यावाल्याचा आणि वहिनीचा जबाब झाला, आणि दोषारोपपत्र ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरवर गेलं, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल. त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

पोलिसांचं मिटेपर्यंत नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी थांबू नका. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. एफआयआरमध्ये काहीही लिहिलेलं असो, हे दावे चालवणारं न्यायाधिकरण पुरावा स्वतः तपासतं. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथे दावा लावता येतो. आम्ही विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात लावला. वकिलाला पैसे नसतील तर तिथल्याच विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दरम्यान ट्रॅक्टरमालकाकडून गावातली दोन वडीलधारी माणसं आली, पाच लाख घ्या आणि मिटवा म्हणून. वकिलांनी वहिनीला कागदावर हिशोब मांडून दाखवला. पगार महिना १८ हजार, वर्षाचे २,१६,०००. वय चाळीसच्या आत म्हणून पुढे वाढला असता त्या पगारापोटी ४० टक्के वाढ धरून ३,०२,४००. मागे बायको, दोन मुलं, आई असे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी त्यातला चौथा हिस्सा वजा, राहिले २,२६,८००. छत्तीस ते चाळीस वयाला पट १५ ची, म्हणून त्याला १५ ने गुणून ३४,०२,०००. शिवाय अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ही रीत घालून दिली आहे. कुणी मिटवायला आलं तर आधी हा हिशोब करा.

ट्रॅक्टरचा विमा असला म्हणजे ट्रॉलीचा असतोच असं नाही, दोन्हींची चौकशी करा.

विमा कंपनी आता निम्मी चूक दादाची म्हणतेय आणि लोकअदालतीत तडजोड करा म्हणतेय. वहिनी नाही म्हणाली. तिची साक्ष झाली आहे, पुढच्या तारखेला ढाब्यावाल्याची आहे.