वृक्षवल्लीच्या पुढची ओळ

आपल्या शाळेत निबंधवहीचे उजवे पान लेखनासाठी आणि डावे पान आधारांसाठी राखलेले असे. निबंधात दुसऱ्याचे वाक्य आले, की डाव्या पानावर बरोबर त्याच ओळीसमोर ते कुठून घेतले ते लिहायचे. मराठीच्या बाईंनी ही सवय चार वर्षांत थोडी थोडी करून लावली. पाचवीत फक्त लेखक आणि पुस्तकाचे नाव, सहावीत त्यात पान क्रमांकाची भर, सातवीत प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष. आठवीत निबंधाच्या शेवटी आडनावानुसार लावलेली संदर्भयादी. अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर हे सगळे एकदम लादले, तर ती स्वल्पविराम कुठे द्यायचा यातच अडकतात आणि आधार कशासाठी द्यायचा ते बाजूलाच राहते. म्हणून हा क्रम मला आजही योग्य वाटतो.

लिहिण्याआधी चिठ्ठ्या करायच्या. फुलस्केप कागदाचे चार तुकडे, एका तुकड्यावर एकच मुद्दा. वरच्या कोपऱ्यात आधी पुस्तक आणि पान टिपायचे, मजकूर त्यानंतर. पान नंतर लिहू म्हटले की ते राहूनच जाते आणि एका वाक्यासाठी पुन्हा सगळे पुस्तक चाळावे लागते. लेखकाचे शब्द शाईने, दुहेरी अवतरणचिन्हांत. आपले शब्द पेन्सिलीने. हा फरक केला नाही, तर आठवड्याने चिठ्ठी हातात घेतल्यावर वाक्य कुणाचे ते सांगता येत नाही. मुलांच्या लेखनात उचललेला मजकूर दिसतो, तो बहुतेक वेळा या गोंधळातून आलेला असतो. त्यामागे लबाडी क्वचितच असते.

स्वतःच्या शब्दांत लिहिताना पुस्तक मिटायचे, हा नियम कडक होता. पुस्तक उघडे ठेवले की मूल ‘महान’च्या जागी ‘थोर’ आणि ‘प्रारंभ’च्या जागी ‘सुरुवात’ घालते. वाक्याची बांधणी लेखकाचीच राहते. आधी दोनदा वाचायचे, मग पुस्तक मिटून शेजारच्याला तोंडी सांगायचे, मग लिहायचे आणि शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे. एवढे करूनही डाव्या पानावरची नोंद सुटत नाही. शब्द आपले असले तरी माहिती लेखकाचीच असते.

अवतरण जसेच्या तसे उतरवणे वाटते त्याहून अवघड आहे. पर्यावरणावरच्या निबंधात तुकोबांची ओळ हटकून येते आणि हटकून ‘सोयरे वनचरे’ अशी येते. गाथेत आहे ते “वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें”. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण ते आपल्या लेखनापुरते. जुन्या मजकुराचे अवतरण देताना त्यातले अनुस्वार पुसायचे नाहीत. यासाठी जोडीने तपासणी होई. एकाने मूळ पुस्तकातून अनुस्वार आणि विरामचिन्हांसह मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने वहीत बोट ठेवून पाहायचे.

त्याहून मोलाचा नियम होता मागची-पुढची ओळ वाचण्याचा. या अभंगात पुढे येते, “येणें सुखें रुचे एकांताचा वास”, आणि शेवट होतो तो “आपुलाचि वाद आपणांसी” या मनाशी चाललेल्या संवादाने. अभंग एकांताच्या सुखाचा आहे. झाडे लावा, असे सांगण्यासाठी तो साक्षीला आणायचा असेल, तर एकांताविषयी निदान एक वाक्य लिहावे लागते. केवळ पहिली ओळ ठाऊक असलेल्या मुलाला हे कळायला वाव नाही.

गाळलेल्या मजकुराचेही तसेच. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधली (१८८३) “विद्येविना मति गेली” ही साखळी भिंतीवर रंगवताना पुष्कळदा मधेच तोडतात. साखळीतली “वित्ताविना शूद्र खचले” ही कडी गेली, की अविद्येचे अनर्थ कुणावर कोसळले तेच पुसले जाते. शब्द गाळले तर तीन टिंबे द्यायची, आपला शब्द घातला तर चौकटी कंस. पण टिंबे दिली म्हणून अर्थ बदलण्याची मुभा मिळत नाही, हे बाई आवर्जून सांगत.

वाक्यरचनेत एक खास अडचण येते. मुले “गोपाळराव म्हणाले की ते उद्या येतील” हे वाक्यही अवतरणचिन्हांत घालतात. ‘मी’चा ‘ते’ झाला, म्हणजे ते शब्द आता बोलणाऱ्याचे राहिले नाहीत. चिन्हे काढायची, आधार ठेवायचा. आणि अवतरण एकटे टांगायचे नाही. आधी ते कोण, कुठे म्हणते ते सांगायचे, नंतर आपली निदान दोन वाक्ये. पानभर निबंधात दोनच अवतरणे, प्रत्येक फार तर तीन ओळींचे. जास्त झाली की मुलाचे म्हणणे सापडत नाही.

पुस्तकाची माहिती मुखपृष्ठावरून न घेता शीर्षकपानाच्या मागच्या बाजूवरून घ्यायची. तिथे मुद्रक आणि प्रकाशक शेजारी छापलेले असतात, त्यामुळे मुले हमखास मुद्रकाचे नाव उचलतात. जुन्या पुस्तकावर नुसते शके असेल तर ७८ मिळवायचे. शके १८०५ म्हणजे १८८३. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. गाथेचा अभंग क्रमांक देताना आवृत्ती सांगायलाच हवी, कारण १९५०च्या सरकारी गाथेतले क्रमांक जोगमहाराजांनी संपादित केलेल्या तुकोबांच्या गाथेशी जुळत नाहीत. ‘मराठी विश्वकोशा’साठी खंड आणि नोंदीचे शीर्षक लिहायचे, शिवाय नोंदीच्या शेवटी दिलेले लेखकाचे नावही. मूळ पुस्तक न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून वाक्य घेतले, तर आपण प्रत्यक्ष उघडलेल्या पुस्तकाचे नाव द्यायचे. आजोबांकडून ऐकलेली माहिती असेल, तर त्यांना विचारून त्यांचे नाव, गाव आणि बोलल्याची तारीख.

आताची मुले आधार म्हणून ‘गूगल’ लिहितात. हे म्हणजे पत्त्यात घराऐवजी एसटी स्टँड लिहिण्यासारखे झाले. संकेतस्थळाचे नाव, लेखाचे शीर्षक, असल्यास लेखक आणि पाहिल्याची तारीख हवी. मजकूर बदलतो किंवा काढून टाकला जातो, म्हणून तारीख. थोरांच्या फोटोखाली फिरणारी वचने तर पुस्तक आणि पान मिळेपर्यंत निबंधात घेऊच नयेत. “असे म्हटले जाते” हे जोडल्याने ती खरी ठरत नाहीत.

या सगळ्याची परीक्षा ग्रंथालयाच्या तासाला होई. एकाचे डावे पान दुसऱ्याच्या हाती द्यायचे आणि त्याने केवळ त्या नोंदीवरून कपाटातले पुस्तक काढून वाक्य शोधायचे. सापडले नाही तर गुण नोंद लिहिणाऱ्याचे जात, शोधणाऱ्याचे नव्हेत. शाळेने हा तास आजच्या सहावी-सातवीसाठी पुन्हा सुरू करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यासाठी एक कपाट पुस्तके, चिठ्ठ्यांचे कागद आणि आठवड्याला पस्तीस मिनिटे पुरतात.